मापांची वही

हवल्लीतल्या दुकानात, शटरच्या आतल्या बाजूला,
खिळ्याला अजून टांगलेली आहे ती वही.
पान सत्तावीस. गनीमा.
खांदा साडेचौदा, बाही एकवीस, उंची छप्पन्न.
खाली पेन्सिलीत: मान ताठ. गळा वर नको.

पहिल्यांदा नाव लिहून घेताना मला हसू फुटलं.
काय झालं, अबू इब्रा?
(इब्रा म्हणजे सुई. देवरुखच्या माणसाला
तिने सुईचा बाप करून टाकलं होतं.)
म्हटलं, बाई, आमच्याकडे गनीम म्हणजे शत्रू.
रात्री गड चढून येतो, रसद तोडतो, तो.
ती इतकी हसली की टेप हातातून सुटली.
आमच्याकडे गनीमा म्हणजे लाभ, म्हणाली,
लढाईनंतर हाती लागतो तो.
बघू, कोणाची भाषा खरी ठरते.

तेव्हा ती मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्याची बहीण होती,
रमजानच्या तीसही रात्री किनाऱ्यावर उभी.
संवाद चार. बाकी नुसतं समुद्राकडे बघणं.
मासळीबाजारात लोक तिला थांबवून विचारत,
आला का गं भाऊ?
मग ती सवत झाली, मुख्याध्यापिका झाली,
नवऱ्याच्या भाषणाच्या पाठकोऱ्या कागदांवर
वाण्याचा हिशेब मांडणारी मंत्रीणबाई झाली.
दर वर्षी मी अर्धा इंच सोडत गेलो.

ऑगस्टात मी पळालो. अम्मानपर्यंत बसमध्ये वही उशाला.
ती राहिली.
परत आलो तर विहिरी जळत होत्या,
भर दुपारी दिवा लावून शिवावं लागे.
तिने हात पसरले. कंबर चार इंच कमी.
काय खात होतीस, हे विचारलं नाही.
खोडून लिहिलं.

आणि मग ती रात्र. थेट प्रक्षेपण.
अंगात माझाच हिरवा पोशाख, गळ्याला जर.
पुढची भूमिका कोणती?
ती म्हणाली, माझ्या गल्लीत एक मुलगा आहे.
इथलाच जन्म, बापाचाही इथलाच.
शाळा घेत नाही, कारण कागद नाही.
मी राण्या केल्या, वेड्या केल्या, भूतसुद्धा केलं.
त्याच्या आईचं काम मला कोणी लिहून देत नाही.
जाहिरात लागली.
जाहिरातीनंतर खुर्ची रिकामी होती.

शनिवारी निर्मात्याचा माणूस आठ पोशाख टाकून गेला.
नवी बाई. बारीक आहे. मंगळवारपर्यंत.
माझा पासपोर्ट त्याच निर्मात्याच्या कपाटात.
कफील तोच. मुलीची फी त्याच्याच पगारातून.
सबब म्हणून सांगत नाही, माप म्हणून सांगतो.
आठही आत घेतले.
एवढंच केलं, की कात्री लावली नाही.
सगळं कापड आत दुमडून दाब सोडला,
उद्या उसवलं तर पुन्हा तिच्या अंगाचं होईल इतका.
नव्या बाईला टोचलं असेल. बोलली नाही.
कोणी उसवलंही नाही.

अकरा वर्षांनी आली, शटर अर्धं खाली असताना, वाकून.
तुझी भाषा जिंकली, अबू इब्रा.
एका गॅरेजात नाटक होतं. चाळीस खुर्च्या, तिकीट नाही.
मी पान सत्तावीस काढलं.
उंची दीड इंच उतरली होती.
आठ पोशाखांचं सांगून टाकलं, खाली बघत.
ती ऐकत राहिली. मग म्हणाली,
हात वर करू का?

काळा हवा, साधा. आणि खिसा, उजवीकडे.
पोशाखाला खिसा कशाला?
कागद ठेवायला, म्हणाली. नसलेला.

दोनदा उसवला, तिसऱ्यांदा नीट बसला.
रिकामा राहणार असला तरी
खिशाला कापड तेवढंच लागतं.